वंशवेल, लेकींच्या बाजूनं : प्रकल्प नोंदी

२ जून

वाचनालयाच्या प्रदर्शनात मला एक अख्खी भिंत मिळाली आहे. विषय पक्का केला : ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेझा हिच्या मुली. वीस वर्षांच्या आत तिला १६ मुलं झाली, पहिलं १७३७मध्ये आणि शेवटचं १७५६मध्ये. त्यांत ११ मुली. छापील वंशावळींत या मुली काठावर सापडतात. नाव, साल, 'अमक्या राजाशी विवाह', की रेघ संपली. जिचं लग्न झालं नाही तिची रेघ नावापाशीच तुटते. मला ही वेल मुलींच्या बाजूनं काढायची आहे. बहिणीबहिणींमध्ये जाड रेघ, नवऱ्यांची नावं बारीक अक्षरात, आणि बिनलग्नाच्या मुलींनाही लग्न झालेल्यांइतकीच जागा.

वाचणाऱ्याला काळाचा अंदाज यावा म्हणून डाव्या कडेला आपल्याकडच्या दोन खुणा ठेवतेय. थोरले बाजीराव एप्रिल १७४०मध्ये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारिया तेरेझा वयाच्या तेविसाव्या वर्षी गादीवर आली. पानिपत १४ जानेवारी १७६१चं; त्यानंतर चारच दिवसांनी व्हिएन्नात तिचा दुसरा मुलगा कार्ल योझेफ देवी येऊन गेला, पंधराव्या वर्षी.

९ जून

आज फक्त नावं. प्रत्येक मुलीच्या नावात 'मारिया' आहे, त्यामुळे ते गाळून पुढचं नाव मोठं करायचं ठरलं. तरी गोंधळ उरतोच. कारोलिना तीन आहेत : पहिली वर्षाची होऊन १७४१मध्ये गेली, दुसरी १७४८मध्ये जन्मतानाच, आणि तिसरी १७५२ची, जी पुढे नेपल्सची राणी झाली. एलिझाबेथ दोन. गेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला द्यायचं, ही तेव्हाची रीतच. बहुतेक वंशावळी पहिल्या दोन कारोलिना वगळतात. आमच्या भिंतीवर तिघी राहतील.

मोठ्या होईपर्यंत जगल्या त्या सहा : मारिया आना (१७३८), मारिया क्रिस्टिना (१७४२), एलिझाबेथ (१७४३), अमालिया (१७४६), कारोलिना (१७५२), आंतोनिया (१७५५). शेवटचीला जग मारी आंत्वानेत म्हणून ओळखतं, पण १७७०पर्यंतच्या भागात ती आंतोनियाच राहील. घरात तिचं तेच नाव होतं.

मांडणी करणारी मैत्रीण म्हणाली, लोक आंत्वानेतच शोधत येतील, तिला मधोमध ठेवू. मी नको म्हटलं. सोळा भावंडांत ती पंधरावी आहे आणि पंधराव्या जागीच शोभेल.

१८ जून

देवीचा तक्ता पुरा केला. तो करताना हात जड झाला.

१७६१ कार्ल योझेफ. १७६२ मुलगी योहाना, बारा वर्षांची. १७६३ थोरला मुलगा योझेफ याची बायको इझाबेला, बाळंतपणात देवी येऊन. पोटातली मुलगी जन्मताच गेली, आणि आठवड्याच्या आत आई. १७६७च्या मे महिन्यात योझेफची दुसरी बायको. तिच्याजवळ गेलेल्या मारिया तेरेझालाही देवी आल्या, ती थोडक्यात वाचली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुलगी योझेफा गेली, सोळा वर्षांची, नेपल्सला सासरी निघायच्या तयारीत असताना. एलिझाबेथला त्याच साथीत देवी आल्या. ती जगली, पण चेहरा व्रणांनी भरला.

योझेफाबद्दल सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाते. निघण्याआधी आईनं तिला कापुचिन मठाच्या तळघरात, राजघराण्याच्या शवपेट्यांपाशी प्रार्थनेला नेलं, आणि तिथं वहिनीच्या पेटीची लागण झाली. तारखा लावल्या की हे जुळत नाही : लागण झाल्यापासून पुरळ उठायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तिच्या अंगावर ते तळघरातून आल्यावर लगेचच दिसलं. भिंतीवर ही गोष्ट घालणार नाही. तिनं सोळा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा दोष आईच्या माथी जातो, आणि तो खरा नाही.

या वर्षानंतर मारिया तेरेझानं यान इंगेनहाउस या डच वैद्याला लंडनहून बोलावलं. १७६८मध्ये त्यानं धाकट्या दोन राजपुत्रांना आणि योझेफच्या लहान मुलीला देवी टोचल्या. जेनरच्या लशीआधीची ही पद्धत, खऱ्या देवीचाच पू त्वचेत घालायची. आपल्याकडे बंगालमधले टिकादार ती करत असत आणि त्यांचं वर्णन हॉलवेल या इंग्रजानं लंडनमध्ये छापलं ते नेमकं १७६७मध्ये. हे भिंतीवर तळाशी एका ओळीत घेतेय.

२३ जून

नेपल्सच्या फर्डिनांडचा प्रश्न. वंशावळीत त्याच्यापुढे एकच नाव येतं, कारोलिना. खरं पाहता त्याच्यासाठी आधी योहाना ठरली होती. ती गेल्यावर योझेफा. योझेफा गेल्यावर त्याच्या वडिलांना, स्पेनच्या चार्ल्स तिसऱ्याला, विचारलं गेलं की अमालिया चालेल की कारोलिना. अमालिया मुलापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून कारोलिना. योझेफा ऑक्टोबरात गेली आणि पुढच्या ७ एप्रिलला, १७६८मध्ये, कारोलिनाचं प्रतिनिधीमार्फत लग्न लागून ती व्हिएन्नातून निघाली. पंधरा वर्षांची होती.

म्हणजे जागा एक, मुली तीन. तहात मुलीचं नाव सगळ्यात शेवटी भरलं जायचं. १७५६पर्यंत ऑस्ट्रिया आणि फ्रान्स पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी होते. त्या वर्षी तह झाला आणि बूर्बाँ घराण्याच्या फ्रान्स, स्पेन, नेपल्स, पार्मा या सगळ्या शाखांशी सोयरीक जोडायचं धोरण कौनिट्झ या मंत्र्यानं आणि महाराणीनं मिळून आखलं. पाळण्यातल्या मुलींचीही त्यात गणती होती.

फर्डिनांडच्या चौकटीला तीन रेघा जोडायच्या, दोन तुटक आणि एक अखंड. मैत्रिणीला हे पटलं.

५ जुलै

इझाबेला सून आहे, लेक नाही. तरी तिच्यासाठी जागा काढली, कारण या सगळ्या मुलींबद्दल जे कुणी मोठ्यानं बोललं नाही ते तिनं लिहून ठेवलं आहे.

ती पार्माची, आईकडून फ्रान्सच्या पंधराव्या लुईची नात. १७६०मध्ये अठराव्या वर्षी योझेफशी लग्न. व्हिएन्नात तिचा जीव जडला तो नणंदेवर, मारिया क्रिस्टिनावर, जिला घरी मिमी म्हणत. एकाच वाड्यात राहून इझाबेलानं तिला सुमारे २०० चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांत उघड, उत्कट प्रेम आहे. ते मैत्री म्हणून पातळ करून लिहू नये असं माझं मत आहे. चिठ्ठ्या मिमीनं जपल्या. मिमीची उत्तरं मात्र उरली नाहीत.

राजकन्यांच्या नशिबाबद्दल इझाबेलाचा एक छोटा लेखही आहे. मोठ्या राजाच्या मुलीनं कशाची अपेक्षा धरावी, असं ती विचारते, आणि उत्तर देते की ती जन्मतःच लोकांच्या समजुतींची गुलाम असते, मानपानाच्या ओझ्याखाली दबलेली, आणि शेवटी एका अनोळखी माणसासाठी घर-माणसं सोडून जाते. हे सगळं लोककल्याणाच्या नावाखाली, प्रत्यक्षात कुणा मंत्र्याच्या राजकारणापायी. लिहिणारी विशीतली होती आणि एकविसाव्या वर्षी गेली. जर्मन-फ्रेंच जाणणारे सर तो मजकूर मराठीत करून देणार आहेत. तो पट्टा मोठ्या अक्षरात लावायचा.

१४ जुलै

मिमी. आईच्या पंचविसाव्या वाढदिवशी जन्मली, १३ मे १७४२ला, आणि आईची शेवटपर्यंत लाडकी राहिली. सहा बहिणींत मनासारखा नवरा मिळाला तो एकट्या तिला : सॅक्सनीचा राजपुत्र आल्बर्ट, धाकटी पाती, पदरी राज्य नाही. वडील फ्रान्झ श्टेफान १७६५च्या ऑगस्टात इन्सब्रुकला अचानक गेले. त्यांच्या मनात दुसरं स्थळ होतं. नऊ महिन्यांच्या आत, ८ एप्रिल १७६६ला, आईनं तिचं आल्बर्टशी लग्न लावून दिलं आणि जावयाला टेशेनची जहागीर दिली.

बहिणींनी हे कधी विसरलं नाही. सर्वांत जास्त अमालियानं. तिचं मन झ्वाइब्रुकेनच्या कार्ल ऑगस्टवर होतं, आणि आई त्याला हो म्हणेना. तिला १७६९मध्ये पार्माच्या फर्डिनांडकडे दिली, म्हणजे इझाबेलाच्या धाकट्या भावाकडे. ती २३ वर्षांची, तो अठरा. पार्माला जाऊन तिनं नवऱ्याला मागे सारून कारभारात हात घातला, आईनं पाठवलेल्या सल्लागारांना जुमानलं नाही, आणि आई-मुलीचा अबोला कायमचा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत ती 'हट्टी' ठरते. तिच्या चौकटीत मी तिचा हट्ट लिहिणार असेन तर त्याच्या शेजारी मिमीच्या लग्नाचं सालही येईल. दोन्ही लग्नांत तीन वर्षांचं अंतर आहे आणि निर्णय घेणारी आई एकच आहे.

अमालिया, कारोलिना आणि आंतोनिया या तिघी मात्र एकमेकींना धरून होत्या. पत्रं, तसबिरी, भेटवस्तू जात-येत राहिल्या. पार्मा-नेपल्स-व्हर्साय अशी जाड रेघ काढायची. मिमीपासून या तिघींकडे जाणारी रेघ बारीक. १७८६मध्ये मिमी आणि आल्बर्ट फ्रान्सला गेले तेव्हा धाकट्या बहिणीनं त्यांचं स्वागत थंडच केलं.

१५ जुलै

कालच्या नोंदीला जोडून. मिमीनं काढलेलं एक चित्र आहे, साधारण १७६२चं. सेंट निकोलसच्या सणाची, मुलांना भेटवस्तू मिळण्याची सकाळ. बाप घरच्या झग्यात शेकोटीजवळ, मागे आई, धाकटा भाऊ फर्डिनांड रडतोय, आंतोनिया हातात बाहुली धरून खूश, सगळ्यात धाकटा माक्सिमिलियान जमिनीवर. मिमीनं स्वतःलाही त्यात काढलंय. मांडणी तिनं एका डच चित्रावरून घेतली, त्यामुळे ही त्या घरातली तंतोतंत सकाळ असं म्हणता येत नाही. पण राजकन्येनं आपलं घराणं कसं दिसावं असं वाटलं ते यात आहे : मुकुट नाही, दरबार नाही. याची मोठी प्रत लावायची.

२८ जुलै

आंतोनियाचा प्रवास. लोकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९ एप्रिल १७७०ला व्हिएन्नात प्रतिनिधीमार्फत लग्न. नवऱ्याच्या, म्हणजे फ्रान्सच्या युवराजाच्या (पुढचा सोळावा लुई), जागी उभा होता भाऊ फर्डिनांड. २१ला प्रस्थान. ७ मे रोजी ऱ्हाइन नदीतल्या बेटावर, श्ट्रासबुर्गजवळ, तिला फ्रान्सच्या हवाली केलं. १६ मेला व्हर्सायला विवाह. वय १४.

मला जास्त जागा द्यायची आहे ती त्याआधीच्या वर्षांना. कारोलिना आणि आंतोनिया यांच्यात तीन वर्षांचं अंतर, दोघी एकत्रच वाढल्या, एकीला दुखलं तर दुसरीही अंथरूण धरायची. १७६७च्या उन्हाळ्यात त्यांच्या खोड्यांना कंटाळून आईनं दोघींना वेगळं केलं. पुढच्या वसंतात कारोलिना गेली. नेपल्सहून तिनं जुन्या देखरेखीच्या बाईंना लिहिलं की आंतोनियाची अगदी बारीकसारीक खबर मला कळवत जा, काय बोलते, काय करते, मनात काय आहे. दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

आईच्या पत्रांचा पुठ्ठा वेगळा. व्हर्सायमधला ऑस्ट्रियाचा वकील मेर्सी मुलीवर नजर ठेवून आईला गुप्त अहवाल पाठवी, आणि आई त्यावरून मुलीला दम भरी. मुलीला पत्ताच नव्हता. मूल का होत नाही, हा प्रश्न महिन्यामागून महिना. १७७७मध्ये भाऊ योझेफ स्वतः व्हर्सायला जाऊन नवरा-बायकोशी बोलला आणि १९ डिसेंबर १७७८ला पहिली मुलगी झाली. नाव अर्थात आजीचं, मारी तेरेझ.

७ ऑगस्ट

मारिया आना. माझी सगळ्यात आवडती, आणि प्रत्येक वंशावळीत एका ओळीत उरकलेली.

थोरली वाचलेली मुलगी. १७५७मध्ये न्यूमोनियातून कशीबशी उठली, पाठीला बाक आला, श्वास कायमचा अधू झाला. सोयरिकीच्या यादीतून नाव गेलं. आईनं तिला १७६६मध्ये प्राग इथल्या खानदानी स्त्रियांच्या मठाची प्रमुख केलं, पण राहिली ती व्हिएन्नातच. वडिलांना नाणी, खनिजं, यंत्रं यांचा नाद होता, तो या लेकीनं पुढे नेला. खनिजांचा आणि कीटकांचा मोठा संग्रह केला. त्यात इग्नाझ फॉन बॉर्न या खनिजशास्त्रज्ञाची मदत होती. आईच्या कारकिर्दीत पाडलेल्या पदकांवर तिनं काम केलं. संग्रह पुढे बुडाच्या विद्यापीठाकडे गेला.

२९ नोव्हेंबर १७८०ला आई गेली आणि योझेफनं बिनलग्नाच्या बहिणींना दरबारातून हलवलं. मारिया आना प्रागला गेली नाही. क्लागेनफुर्टला एलिझाबेथाइन जोगिणींच्या मठाला आणि रुग्णालयाला लागून तिच्यासाठी घर बांधलं होतं, ती तिथं राहायला गेली. रुग्णालयावर पैसा खर्च केला, जवळच्या त्सोलफेल्डला रोमन अवशेषांच्या उत्खननाला मदत केली, आणि १७८९मध्ये जाताना जवळचं सगळं मठाला दिलं. माझ्या वाचनात या सहा जणींपैकी आयुष्याचा उत्तरार्ध स्वतःच्या मर्जीनं जगलेली हीच दिसते.

एलिझाबेथची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी लागते आणि ती दुखावणारी आहे. देवीपूर्वी ती बहिणींत देखणी म्हणून नावाजलेली. नंतर तिला इन्सब्रुकच्या मठाची प्रमुख केलं. हा मठ आईनंच तिथं वारलेल्या नवऱ्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून १७६५मध्ये स्थापला होता. बहिणीसारखा छंद तिला नव्हता. धारदार जीभ तेवढी होती. १८०६मध्ये टिरोल ऑस्ट्रियाच्या हातून गेल्यावर तिनं इन्सब्रुक सोडलं आणि दोन वर्षांनी लिंझ इथं ती वारली.

दोघींच्या चौकटी कारोलिनाच्या चौकटीएवढ्याच ठेवल्या. मैत्रिणीनं विचारलं, खालच्या रिकाम्या जागेत काय? मारिया आनाच्या खाली खनिजांची चित्रं. एलिझाबेथच्या खाली इन्सब्रुकचा मठ.

२१ ऑगस्ट

एका संग्राहकाकडून मारिया तेरेझा थालर मिळतंय. चांदीचं नाणं, त्यावर प्रौढ महाराणीचं चित्र आणि १७८० हे साल. व्यापारात ते इतकं मुरलं की ती गेल्यावरही तेच साल टाकून पाडलं जात राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टाकसाळीतही. भिंतीसमोरच्या काचपेटीत ठेवू.

२ सप्टेंबर

कारोलिनाची बाजू सगळ्यात दाट. लग्नाच्या करारात एक कलम होतं : मुलगा झाला की राणीला राज्यसभेत बसायचा हक्क. मुलगा १७७५मध्ये झाला, ती सभेत बसली आणि पुढच्याच वर्षी सासऱ्यांचा विश्वासू जुना मंत्री तानुच्ची घरी गेला. शिकारीत रमलेल्या नवऱ्याच्या नावानं राज्य ती चालवू लागली. आईच्या सगळ्या मुलींत सर्वांत ठळक राज्यकर्ती हीच.

आणि मग हिनंही आईचाच धडा गिरवला. १७९०मध्ये हिच्या दोन मुली, मारिया तेरेझा आणि लुईझा, भाऊ लिओपोल्डच्या दोन मुलांना दिल्या, फ्रान्झ आणि फर्डिनांड यांना. लिओपोल्डची बायको मारिया लुईझा ही नेपल्सच्या राजाची सख्खी बहीण. त्यामुळे फ्रान्झसाठी त्याची नवरी आत्याचीही मुलगी आणि मामाचीही. आजी-आजोबांच्या दोनच जोड्या, चार नव्हेत. १७९७मध्ये फ्रान्झची बहीण क्लेमेंटिना नेपल्सच्या युवराजाला दिली आणि गाठ तिसऱ्यांदा बसली. इथं वेल वेल राहत नाही, जाळं होतं. मैत्रिणीनं इथं रेघांऐवजी रंगीत दोरे वापरायचं सुचवलं आणि ते छान दिसतंय.

१२ सप्टेंबर

१७९३. आंत्वानेतच्या चौकटीखाली १६ ऑक्टोबर एवढंच लिहायचं. गिलोटीनचं चित्र नको, यावर दोघींचं एकमत.

तिची मुलगी मारी तेरेझ हिच्याकडे लक्ष वळवते. कैदेत गेली तेव्हा १३ वर्षांची. आई, आत्या एलिझाबेथ, धाकटा भाऊ यांचं काय झालं हे तिला १७९५मध्ये कळलं, तोवर तांप्ल तुरुंगात ती एकटी होती. त्या डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आईच्या माहेरी व्हिएन्नात आली. मामेभाऊ सम्राट फ्रान्झला ती आपल्या भावासाठी हवी होती. तिनं नकार दिला आणि १७९९मध्ये मिटाऊ इथं चुलतभावाशी, आंगुलेमच्या ड्यूकशी लग्न केलं. वडिलांच्या घराण्याशी ती शेवटपर्यंत बांधलेली राहिली. मुलीच्या नकाराला मान मिळाल्याची उदाहरणं या भिंतीवर कमी आहेत, म्हणून हे ठळक.

आणि कारोलिनाची लेक मारिया अमालिया. लहानपणी मावशीच्या थोरल्या मुलाला ठरलेली. तो १७८९मध्ये आजारानं गेला. पुढे १८०९मध्ये पालेर्मोला तिचं लग्न झालं लुई फिलीपशी, ज्याच्या बापानं मावशीच्या नवऱ्याच्या मृत्युदंडाच्या बाजूनं मत दिलं होतं. कारोलिनानं हे कसं पचवलं असेल, याचा विचार मनातून जात नाही. लेक १८३०मध्ये फ्रान्सची राणी झाली, मावशीच्याच देशाची.

२४ सप्टेंबर

छपाईला द्यायच्या आधी उजवी कड पुरी केली. नेपोलियननं १८०६मध्ये कारोलिनाला नेपल्समधून हाकललं. १८१०मध्ये तिच्याच नातीशी, मारी लुईझशी, लग्न केलं. नातीला विचारलं कुणी नाही. १८१४मध्ये सासर कोसळून नात व्हिएन्नात परतली, तेव्हा आजीही तिथंच निर्वासित होती. नवऱ्याला भेटायला जायला घरचे मज्जाव करत असतील तर चादरी खिडकीला बांध, उतर आणि वेषांतर करून जा, असं या म्हातारीनं नातीला सुनावल्याचं नेपोलियनचा चिटणीस मेनव्हाल लिहून ठेवतो. ज्या माणसाचा तिनं आयुष्यभर द्वेष केला त्याच्याकडे जायला ती सांगत होती, कारण लग्न झालं ते झालं, असं तिचं म्हणणं. त्याच वर्षी सप्टेंबरात ती वारली. मारी लुईझ गेली नाही. तिला पार्मा मिळालं, जिथं एके काळी अमालिया होती.

पार्माच्या चौकटीत दोघी एकाच रंगात दाखवल्या. मिमीच्या चौकटीत कानोव्हानं घडवलेल्या समाधीचं चित्र शेवटच्या क्षणी घातलं. व्हिएन्नाच्या ऑगस्टीनियन चर्चमध्ये आल्बर्टनं ती १८०५मध्ये पुरी करून घेतली. कारोलिनाच्या चौकटीत मेनव्हालचा मजकूर सरांकडून येतोय, दोन ओळींची जागा सोडली आहे. तो आला की फाइल छापखान्यात.